मी गोड म्हटलेले दही

ओट्यावरचा स्लो कुकर दिसला की ती हिवाळ्यातली दुपार आठवते आणि मान खाली जाते. सुनेचे मन राखण्यासाठी मी आंबट दह्याला गोड म्हटले, असे आमचे गणगोत अजून सांगते; ते साफ खोटे आहे. थंडीत दही लागेना, म्हणून तिने दुधाला विरजण लावून ते कुकरात ठेवले आणि ते दुपारपर्यंत उबेतच राहून गेले. गावच्या डेअरीत नुसत्या जिभेने उतरलेले दूध ओळखणारा मी, घोडेगावहून आलेल्या तिच्या वडिलांसमोर पहिला चमचा घेऊन ऐटीत म्हणालो, "खडीसाखर!" व्याह्यांनी चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. "इवाई, दात आंबलं की हो माझं!" सून पटकन म्हणाली, "दादा, तुमी बोलून दावता. मामांनी बघा कसं सांभाळून घेतलं." सगळे कौतुकाने हसले. मला मात्र त्या दह्याची चवच लागली नव्हती, आणि तसे सांगण्याचे धैर्य झाले नाही. तिला ते कळले असावे. कारण आजही पानात दही वाढताना ती इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटते, "मामा, आज आंबट हाय," आणि मी तेच मोठ्याने जाहीर करतो.