बाबांचं खडप मी पुसलं

हे मी नवऱ्याला पण नाही सांगितलं. तो अंबरनाथला कंपनीत जातो, मी पोरीला शेजारच्या मावशींकडे ठेवून उल्हासनगरला, कॅम्प दोनला. खरवईतल्या एका खोलीत राहतो आम्ही, सगळं बोलतो – हे नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. लिहिताना चुकलं तर चुकू दे, बारावी नापास आहे मी.

आधी काम सांगते, नाहीतर कळायचं नाही. जीन्सच्या दुकानांच्या वर एक माळा आहे, तिथे आम्ही आठ जणी कॉम्प्युटरवर बसतो. समुद्रातल्या बोटींवर पाण्याची खोली मोजायचं मशीन असतं. त्या बोटी आपापले आकडे देतात, ते सगळे एकत्र करून समुद्राचे नकाशे सुधारतात – कुठे खोल, कुठे उथळ, बोट कुठे आपटेल. पुढे पाठवायच्या आधी साफ करायचं काम आमचं. स्क्रीनवर समुद्राचा तळ दिसतो, नुसते ठिपके. तळापासून सुटून वर तरंगणारे ठिपके म्हणजे मासे, नाहीतर मशीनची चूक – ते उडवायचे. तळाला चिकटून वर आलेल्यांना हात नाही लावायचा, मॅडमला विचारायचं. एवढंच. मला छान जमायचं. मॅडम सिंधी, तोंडाने तिखट – "अरे, उडव ना ती मच्छी, आरती करणार काय तिची?" – पण माझं काम ती परत बघायची नाही. विश्वास होता ना तिचा!

मग एक दिवस माझ्या स्क्रीनवर माझं माहेर आलं.

नाव नव्हतं लिहिलेलं. पण खाडीचं तोंड, नाकासारखा पुढे आलेला डोंगर – मी तिथे जन्मले, मला नाही कळणार? आणि त्याच्यासमोर, सपाट तळातून सरळ वर आलेलं – बाबांचं खडप.

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. मासे तिथे राहतात. गावच्या लहान होड्या वरून निघून जातात, कुणाला पत्ता नाही. फक्त बाबांना. मला भाऊ नाही, म्हणून लहानपणी एकदा मला घेऊन गेले. देवळाचा कळस आणि सुरूचं झाड एका रेषेत आलं तशी होडी थांबवली, म्हणाले, "बाय, हे आपलं. काकाला पण नाय सांगायचं."

नकाशात आलं की बाहेरचे मोठे ट्रॉलर येणार, सगळं खरवडून नेणार, मग बाबा काय खाणार – असं सगळं मनात आलं. नाही, खोटं नको. एवढं नाही आलं. 'आपलं' एवढंच आलं. ठिपके निवडले, मासे म्हणून मार्क केले, उडवले. तळ सपाट. मग खाली जाऊन दाल-पकवान खाल्लं. चवीने खाल्लं.

पुढच्या वर्षी बाळंतपणाला माहेरी होते. वारा सुटला म्हणून बाहेरची एक मोठी बोट आमच्या खाडीत आसऱ्याला येत होती. बोट हाकणाऱ्या तांडेलाने मोबाईलवर नवा नकाशा लावलेला. त्यात तिथे भरपूर पाणी. बोट खडपावर फुटली. पाच जण पोहत आले. एक खलाशी नाही आला.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली, कडेवर बाळ. आमच्या ओट्यावर बसली. आईने दिलेला चहा तिच्यासमोर निवून गेला. ओरडली पण नाही ती कुणावर! ओरड ना, बाई – मी इथे आत बसलेय, तुझ्या पाठीमागे, माझ्या पोरीला पाजत. नाही गेले बाहेर. केस होईल, नोकरी जाईल, माझ्या पोरीला कोण बघेल? तिच्या बाळाला कोण बघेल, हे आलं का माझ्या डोक्यात?

आता तुम्हाला वाटेल, हेच ते. थांबा.

ती गेली आणि बाबा उठले, बंदरातल्या साहेबांकडे गेले. त्यांच्या मोजणीच्या माणसांना स्वतःच्या होडीत बसवून नेलं आणि खडप दाखवलं. सख्ख्या भावाला नव्हतं दाखवलं ते. आता ते नकाशात आहे, ट्रॉलर येतात, बाबांचं जाळं रिकामं वर येतं. त्यांना वाटतं, आपण गप्प बसलो म्हणून माणूस गेला. अहो, मशीनने आधीच पकडलं होतं ते! तुम्ही जन्मभर लपवलं असतं तरी नकाशात जाणारच होतं. मध्ये मी बसले होते.

हे मी त्यांना सांगितलं नाही. पोरगी आता दीड वर्षाची आहे – दीड वर्ष. दर रविवारी जेवणानंतर फोन करतात, नातीचं विचारतात, मग तेच. "बाय, मी आधी सांगितलं असतं तर वाचला असता नाय तो?" मी म्हणायची, जाऊ दे ना बाबा.

मागच्या महिन्यात मला राग आला. त्यांचा! किती वेळा विचारायचं एका माणसाने? पोरगी रडत होती, कुकर शिट्ट्या मारत होता, आणि ते परत तेच. माझ्या तोंडून गेलं – गेलं काय, मी बोलले, नीट कळून बोलले – "हो बाबा. सांगायला हवं होतं तुम्ही."

ते म्हणाले, "होय गो." आणि फोन ठेवला.

मी अजून त्याच खुर्चीत बसते. मॅडम अजून माझं काम परत बघत नाही. रविवारी फोन येतो, बाबा नातीचं विचारतात.

ते दुसरं आता विचारत नाहीत.