विझलेल्या वातीचा वास

पौर्णिमाला धामणगाव रेल्वेला, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात काम लागलं, आणि ते टिकलं याचंच घरी नवल होतं. त्याआधी ती साडीच्या दुकानात दीड दिवस होती. गिऱ्हाईक आलं की "या ताई, बसा" एवढंच म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी चपला हातात घेऊन ती मागच्या दाराने निघून आली. अमरावतीला एका दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं काम मिळालं, तर पेशंट तास-तास बसून राहिले.

"आमच्या ताईले देवानं जीभ फक्त चव पाहासाठीच देली," वहिनी प्रणाली म्हणायची.

आईने, दुर्गाबाईने, शेवटचं सांगून टाकलं होतं. "आता इथं टिकली तर टिकली. नाही त अकोल्याच्या त्या बिजवराले हो म्हनून टाकू."

जिनात बोलायचं नव्हतं. कापसाच्या ढिगापाशी बसून किडक्या बोंडाची कवडी, काड्या, प्लास्टिकचे धागे वेचायचे. तोंडाला ओढणी, कानात मशीनची घरघर; तिथे सगळ्याच बाया मुक्या. वर्षभरात पौर्णिमाचं नाक तयार झालं. ओला कापूस, किडका कापूस ती वासावरून ओळखायची आणि न बोलता बाजूला सारायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सकाळी उठून कामावर जावंसं वाटत होतं.

जिनात नियम एकच. हंगामाचा नारळ फुटल्यापासून दाबून बांधलेल्या कापसाची शेवटची गठाण बाहेर पडेपर्यंत आगीचं नाव काढायचं नाही. नाव घेतलं की ती येते, असं मुकादम देवरावकाका म्हणायचे. गेल्या हंगामात तिच्या शेजारी बसणारी चंदा धूर पाहून तो शब्द ओरडली होती. धावाधाव झाली, दहा गठाणी पाण्यात भिजल्या, आणि निघाला कुंपणापलीकडच्या शेकोटीचा धूर. दुसऱ्या दिवसापासून चंदा घरी.

मंगळवारी संध्याकाळी मशीनमध्ये खडा गेला. ठिणगी उडाली, विझवली, पाव तासात काम सुरू; त्याच कापसाच्या गठाणी रात्री बांधून झाल्या. असं होतच असतं.

बुधवारी सकाळी हमाल खुशालराव ड्रायव्हरच्या गाडीत अकोल्याच्या गठाणी भरत होते. पौर्णिमा बाजूने गेली आणि थांबली. देवापुढची वात विझल्यावर येतो तसा वास. गाडीतल्या गठाणींच्या खालच्या रांगेतून.

"काय वं पोरी?" देवरावकाकांनी विचारलं. सहा हमाल वळून बघायला लागले. "काई पाह्यजे का?"

तिला चंदा आठवली, मग अकोल्याचा बिजवर. तिने मान हलवली.

"इले बोलासाठी अर्ज द्या लागते, काका," एक हमाल म्हणाला. सगळे हसले. ताडपत्री आवळली गेली. खुशालराव सगळ्यांना म्हणायचे तसं तिलाही म्हणाले, "येतो बरं माय."

दुपारी गोदामात पुन्हा तोच वास. या वेळी काका एकटेच होते. तिने त्यांचं मनगट धरलं आणि तळवा गठाणीच्या लोखंडी पट्टीवर टेकवला. गोदाम सावलीचं; तरी काकांनी हात झटकन मागे घेतला.

गठाण मैदानात नेऊन फोडली. पोटात नारळाएवढा काळा डाग होता. वारा लागला तसा तो लाल झाला. चार पिंप पाणी ओतलं तेव्हा शांत झाला.

मालक धावत आले. "पोरीनं जिन वाचवलं!" तिच्यासाठी खुर्ची आली, चहा आला. मग त्यांनीच विचारलं, "सकाळच्या गाडीत तर असं काई नव्हतं ना? तू होती ना तिथं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मान हलवली. नाही. "हो" म्हटलं की पुढचे दहा प्रश्न येतात. "नाही" म्हटलं की माणसं निघून जातात, हे ती लहानपणीच शिकली होती.

माणसं निघून गेली. मशीन पुन्हा सुरू झाली. हातातला चहा गार झाला.

देवरावकाकांनी सवयीने खुशालरावांना फोन लावला. मूर्तिजापूरला ते जेवायला थांबायचे, आणि थांबले की चार शिव्यांची देवाणघेवाण व्हायची. काकांनी बराच वेळ फोन कानाला धरला.

"उचलून नाही राह्यला बुढा. गाडीवर असन." त्यांनी फोन खिशात टाकला.

बाहेर वारा सुटला होता. मैदानातल्या फोडलेल्या गठाणीचा कापूस भुरभुरत होता. पौर्णिमा त्याच्याकडे बघत राहिली. चालत्या गाडीत ताडपत्रीखाली किती वारा शिरत असेल?

ती उठली. ओढणी तोंडावरून खाली ओढली.

"काका, पुन्हा लावा."

मशीन चालू असतानाही ते ऐकू गेलं. बायांचे हात थांबले.

"काऊन वं?"

"त्या गाडीत आग हाये. मले सकाळीच समजलं होतं."

काकांनी तो शब्द ऐकून आधी कपाळाला हात लावला. मग त्यांचा चेहरा उतरला. खिशातून फोन काढून त्यांनी खुशालरावांना पुन्हा लावला.

घंटी वाजू लागली. वाजतच राहिली.