कुमुद पडद्यावर होती तो दिवस

कुमुद गेल्याचं मला तिच्या नवऱ्याच्या फोनवरून कळलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामावर होते. "वहिनी, कुमुद गेली आज सकाळी. फ्युनरल शनिवारी आहे, अशोकलाही सांगा," एवढं बोलून अरविंदनं फोन ठेवला. शनिवारी आमच्या ट्रॉय गावातली बहुतेक मराठी मंडळी फ्युनरल होममध्ये जमली. कुणी तिच्या पुरणपोळ्यांची आठवण काढली, कुणी तिनं गणपतीत केलेल्या आराशीची. शेवटी अरविंद उठला आणि म्हणाला, "कुमुद फार शांत होती. अबोलच म्हणा ना. कधी कुणासमोर आवाज चढवला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी माझ्या नवऱ्याचा, अशोकचा, हात घट्ट धरून बसून राहिले. तिला समोर ठेवून भांडायचं कसं... पण आता काही आठवडे उलटून गेले तरी तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. अबोल! ज्या बाईचा आवाज एक अख्खा दिवस हजारो घरांत ऐकला गेला, ती अबोल?

आमची ओळख झाली ती मिशिगनला आल्या आल्या, अपार्टमेंटच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रांपाशी. मी नागपूरची, ती सांगलीची. दोघींचे नवरे मोटारकंपन्यांत, दोघी दिवसभर एकट्या. यंत्र घरघरत असे आणि कुमुद बोलत असे. तिचा आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. अमेरिकेच्या आधी ती दोघं इंग्लंडमध्ये होती. तिथल्या मधल्या भागातल्या एका शहरात टेलिव्हिजनच्या छोट्या केंद्रात ती टायपिस्ट होती. दोन कार्यक्रमांच्या मध्ये पडद्यावर येऊन पुढं काय आहे ते सांगणारा जो निवेदक असतो, त्याची वाक्यं ती टाइप करून द्यायची. "म्हणजे रोजचा सगळा दिवस माझ्या बोटांतून जायचा, आणि बोलायचं मात्र त्यानं," असं ती हसत म्हणायची.

अरविंदला डेट्रॉइटची नोकरी लागली, तिकिटं निघाली, कुमुदनं राजीनामा दिला. नोकरीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात तिथं तुफान बर्फ पडला. निवेदक गावाबाहेर राहणारा, त्याची गाडी निघेना. बदली बाईही अडकली. कुमुद जवळच राहायची, ती साडीवर कोट चढवून, पायांत घरमालकिणीचे रबरी बूट घालून चालत पोचली. केंद्रावरच्या साहेबानं तिला विचारलं, "ही वाक्यं तुम्हीच टाइप करता ना? मग वाचाल का?" आणि कुमुद कॅमेऱ्यासमोर बसली. वर निळी साडी, टेबलाखाली चिखलानं भरलेले बूट.

सकाळी शाळांसाठी भूगोलाचा धडा, मग पोरांचा कठपुतळ्यांचा खेळ, शेतकऱ्यांसाठी हवामान, दुपारी घोड्यांच्या शर्यती, संध्याकाळी बातम्या, प्रश्नमंजूषा, कुस्ती, एक रडकी मालिका आणि सगळ्यात शेवटी एका पाद्र्याचे दोन शब्द व राष्ट्रगीत. हे सगळं एका धाग्यात ओवायचं काम त्या दिवशी तिच्याकडं आलं. घोड्यांच्या शर्यती बर्फामुळे कॅन्सल झाल्या आणि जुना सिनेमा लावेपर्यंत मध्ये मोकळा वेळ राहिला. हातात लिहिलेलं काही नाही. तेव्हा ती सरळ लोकांशी बोलायला लागली. माझ्या गावी कृष्णेला पूर येतो, पण बर्फ मी इथंच पाहिला, म्हणाली. आज सगळं गोठलंय, तेव्हा आपापल्या अंगणात पक्ष्यांना थोडं पाणी आणि काही खायला ठेवा, ते कुणाचा दरवाजा वाजवू शकत नाहीत. एवढंच.

दुसऱ्या दिवशी रस्ते मोकळे झाले, निवेदक परतला. आठवडा संपला, कुमुदची नोकरीही संपली. त्यानंतर महिनाभर ती घरी सामान बांधत होती, पण केंद्रातून कुणी चौकशी केली नाही. "माझा रंग नसेल चालला गं त्यांना," ती मला म्हणायची. "लोकांनी तक्रारी केल्या असतील. नाहीतर निदान एक शब्द तरी..." इंग्लंडचं नाव निघालं की तिचे ओठ आवळले जायचे.

तरी त्या दिवसाचं तिला विलक्षण प्रेम होतं. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायच्या आमच्या पॉटलकला जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचं, "कुमुद, ते तुझं टीव्हीचं होऊन जाऊ दे यार!" आणि ती सोफ्याच्या कडेला ताठ बसून भूगोलाच्या धड्यापासून राष्ट्रगीतापर्यंत सगळा दिवस उभा करायची. कुस्तीसाठी एक आवाज, पाद्र्यासाठी दुसरा. आम्ही हसून हसून लोळायचो. किती जणांना ते खरं वाटत होतं कोण जाणे. अरविंद प्रत्येक वेळी म्हणायचा, "एकच दिवस होती हं, नाहीतर वाटेल रोजचीच होती."

मग त्यांच्या घरी ते जेवण झालं. अरविंदच्या ऑफिसात इंग्लंडहून मार्टिन नावाचा इंजिनिअर काही महिन्यांसाठी आला होता. त्याला आणि आम्हाला बोलावलं होतं, शिवाय एक डॉक्टर जोडपं. कुमुदची लहानगी केतकी तळघरात कार्टून बघत होती. कुमुद वाढता वाढता मार्टिनला भाजीत काय घातलंय ते सांगत होती, आणि त्याचा घास हातातच थांबला. "तुम्ही पक्ष्यांच्या बाई!" तो म्हणाला. "बर्फाच्या दिवशी टीव्हीवर होतात ना? तुम्ही सांगितलंत म्हणून माझ्या आईनं कुंपणावर ताटली ठेवली. ती अजून दर हिवाळ्यात ठेवते. कितीतरी दिवस तुमची वाट बघत होती. शेवटी तिनं केंद्राला फोन केला, तर म्हणाले, आम्हालाही त्या हव्या होत्या, पण त्या अमेरिकेला जाताहेत."

कुमुद हातात डाव घेऊन उभी होती. "मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली.

अरविंद हसला. अगदी सहज, ग्लास खाली न ठेवता. "अगं, आला होता त्यांचा फोन. कायमची नोकरी देतो म्हणत होते. तू धुणं घेऊन बाहेर गेली होतीस. मीच सांगितलं, शी इज नॉट इंटरेस्टेड. तिकिटं काढून झाली होती ना आपली!"

मार्टिन ताटात बघायला लागला. डॉक्टरीणबाईंनी समजुतीचा सूर लावला, "बरोबरच केलं त्यांनी. टीव्हीत काय करिअर असतं का?" कुमुद म्हणाली, "पुऱ्या गार होतील," आणि आत गेली. मी मागोमाग गेले. ती कढईसमोर पुऱ्या तळत होती, एकामागून एक, नेहमीसारख्या टम्म फुगलेल्या. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्ता काही बोलू नकोस."

ती बोलली पुढच्या आठवड्यात, माझ्या गाडीत. "इतकी वर्षं मी त्या लोकांवर राग धरला. त्यांनी मला हाकललं असं समजून रस्त्यात गोरा माणूस दिसला तरी आखडून घ्यायचे. आणि हा रोज माझ्या शेजारी बसून ते ऐकत होता..." मी म्हटलं, "फोन आला असता तर राहिली असतीस?" ती म्हणाली, "नसते राहिले कदाचित. आलेच असते याच्याबरोबर. पण ते 'नाही' माझं असतं गं. तेवढंसुद्धा त्यानं मला म्हणू दिलं नाही."

त्यानंतर कुमुदनं तो दिवस कधीच करून दाखवला नाही. लोकांनी आग्रह केला, मग सोडून दिला. ती बँकेत काउंटरवर नोकरीला लागली. घरात लागेल तेवढंच बोलायची. अरविंदनं माफी मागितली असेल असं मला वाटत नाही. माफी मागण्यासारखं काही झालंय हेच त्याला कळलं नव्हतं. मग पोटातलं दुखणं निघालं, फार उशिरा. शेवटी शेवटी नर्सनं काही विचारलं तर उत्तर अरविंद द्यायचा, "शी इज फाइन," आणि ती डोळे मिटून घ्यायची.

गेल्या रविवारी मी डबा घेऊन त्यांच्याकडं गेले. केतकी आता बारा वर्षांची आहे. ती किचनमध्ये एकटी दुधातलं सीरियल खात बसली होती. मी जवळ बसले तशी म्हणाली, "मावशी, मॉर्निंग्ज आर द वर्स्ट." शाळेच्या बसच्या आधी आई रोज एक गंमत करायची म्हणे. हात टेबलावर ठेवून ताठ बसायची आणि केतकीचा सगळा दिवस जाहीर करायची. आता आपण पाहणार आहोत टोस्ट, त्यानंतर गणिताची चाचणी, दुपारी मैदानावर मुलींची झुंज, आणि संध्याकाळी हवामान साधारण चिडचिडं. अरविंद ऑफिसला निघून गेला की मगच. "इन दिस सुपर फॅन्सी व्हॉइस," केतकी म्हणाली. "कुठून शिकली काय माहीत."

मी तिला सांगितलं. बर्फ, निळी साडी, रबरी बूट, पक्षी... सगळं. तिचा चमचा वाटीत तसाच राहिला. मग ती उठून हॉलच्या दारात गेली. अरविंद पेपर वाचत होता.

"डॅड, वॉज मॉम ऑन टीव्ही?"

"हो," तो पानं उलटत म्हणाला. "एकच दिवस."