ओट्यावरची विळी

"स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. सीटी स्कॅनची फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली होती. स्ट्रोक म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडणं. माझी बायको सुनंदा तेव्हा त्रेचाळीस वर्षांची. उजवा हात-पाय हलत नव्हता, जीभ जड झाली होती. बरी होईल का, विचारलं. "चालतील. हाताचं आत्ता सांगत नाही," ते म्हणाले.

ज्यांच्या घरी असं काही आलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. त्यात माझं जे चुकलं ते आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

भाईंदरच्या त्या नर्सिंग होममध्ये आम्ही सतरा दिवस होतो. आज ते दिवस आठवले की गोड वाटतात, हे म्हणायचीही लाज वाटते. लग्नाला वीस वर्षं झाली होती. ऑफिसातून यायचं, पेपर उघडायचा, ताट समोर यायचं. तिथे पहिल्यांदा मी तिला चमच्याने पेज भरवली. ती माझ्याकडे बघत हळूहळू गिळायची. बाहेर बाकावर रिपोर्टची वाट बघतानाही मन तिच्या पुढच्या घासाकडे असायचं.

मग बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या आमच्या घरी आलो. मी लांबलचक रजा टाकली. अंघोळ, वेणी, औषधं, सगळं मीच. शेजारच्या हंसाबेन म्हणायच्या, "भाईसाब, आपके जैसा आदमी नहीं देखा." ते मला आवडायचं.

तीन महिन्यांनी ऑक्युपेशनल थेरपिस्ट यायला लागल्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या. तरुण बाई. "काकू, काय करावंसं वाटतं?"

"तिला कशाला त्रास? मी करतो ना," मी म्हणालो.

"काका, मी त्यांना विचारलं."

सुनंदा बराच वेळ शब्द शोधत होती. "भाजी," ती म्हणाली. "चिरायची."

जवळच्या राई गावात तेव्हा अजून शेतं दिसायची. तिथले एक सुतार पूर्वी होड्या बांधायचे, आता नव्या बिल्डिंगांतली कपाटं करायचे. थेरपिस्टने त्यांना आणलं. ते सुनंदाचा डावा हात नुसता बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, खाली कशाला बसायचं? पाट पायानं दाबतो, तेवढंच काम लाकडाला देऊ."

आठवड्याने त्यांनी विळीच ओट्यावर आणली. पाट ओट्याच्या कडेला दोन मोठ्या स्क्रूंनी आवळला, की हलत नसे. बाजूला दोन खिळे उलटे ठोकलेले, त्यांत बटाटा रोवून सोलायचा. काम झालं की पात्यावर लाकडी म्यान. समोर उंच स्टूल. सुनंदाने डाव्या हाताने दुधी पात्यावर ढकलला आणि पहिली फोड पडली. हंसाबेनना बोलावून तिने ती दाखवली.

पुढच्याच रविवारी गिरगावातून माझी बहीण आली. "दादा, अशा अवस्थेत बायकोला कामाला लावलंस? लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा झोपलेली असताना मी विळी काढली आणि माळ्यावर गणपतीच्या मखरामागे ठेवली. तिला सांगितलं, स्क्रूचा आटा गेलाय, सुतार गावाला गेलेत. थेरपिस्टनाही म्हटलं, आता नको, मी बघतो.

दोन महिने तिने काही विचारलं नाही. मी चिरून, शिजवून, कालवून भरवत राहिलो.

एका सकाळी मी बाजारातून आलो, तर सुतार ओट्यापाशी उभे. सुनंदाने डाव्या हाताने फोन लावून त्यांना बोलावलं होतं.

"साहेब, वहिनी बोलतात आटा गेला. बघू, इळी हाय कुठं?"

मला स्टुलावर चढून मखरामागून ती काढावी लागली. त्यांनी स्क्रू फिरवून बघितले. "आटा गेलेला न्हाय." मग माळ्याकडे मान वळवून म्हणाले, "मखरामागं ठेवली व्हती? गणपतीला भाजी चिरायला?"

सुनंदा हसली. मी नाही.

विळी बसवून ते गेले. मग तिने एकेक शब्द जोडत विचारलं, "मी अशीच... बरी वाटते... तुम्हाला?"

हात कापेल म्हणून काढली, बहीण बोलली म्हणून काढली, दोन्ही उत्तरं तयार होती. दोन्ही थोडीथोडी खरीही होती. पण वीस वर्षांत तिला माझी अशी गरज कधी पडली नव्हती, आणि ती गरज संपेल याची मला भीती वाटत होती.

"हो," मी म्हणालो.

ती रडली नाही. पिशवीतला दुधी मागून घेतला. "आता बाहेर जा," म्हणाली.

मी पलीकडच्या पूनम सागर वसाहतीपर्यंत चालत गेलो आणि आलो. घड्याळ सारखं बघत होतो. आजारी माणसाची कामं करायला मी शिकलो होतो, ती न करायला शिकणं त्याहून अवघड गेलं. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी हे शिका. ते शिकवल्याबद्दल मी त्या सुतारांचा आणि त्या थेरपिस्टबाईंचा ऋणी आहे. सुनंदाचा तर आहेच.

परतलो तेव्हा भाजी झाली होती. फोडी लहानमोठ्या, काही कच्च्या. माझ्या ताटात तिने डाव्या हाताने वाढलं. थोडा रस्सा टेबलावर सांडला. मी फडकं आणायला उठलो, आणि परत बसलो.