भिकनभाऊचं केळवण

पारोळ्यात गुरांच्या ढेपेचं दुकान चालवणाऱ्या भिकन सोनवणेला नावं ठेवायला जागा नाही. जागा नाही ती फक्त रिक्षात, त्याच्या शेजारी बसणाऱ्याला. त्याचं पोट आधी गिऱ्हाइकाला भेटतं आणि मागाहून भिकन राम राम घालतो.

एरंडोलला दिलेली त्याची थोरली बहीण पुष्पाबाई, आमची सगळ्यांची अक्का, वर्षभर जळगावला डायलिसिसच्या खुर्चीत बसत होती. भिकन म्हणाला, माझी एक किडनी काढा आणि तिला लावा. तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, "किडनी उत्तम आहे, पण तुमच्या या वजनावर मी सुरी लावणार नाही. दहा किलो उतरवून या. आणि उशीर करू नका, बाईंकडे फार वेळ नाही."

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला शास्त्र सांगितलं. शरीराला लागतं त्यापेक्षा जास्त पोटात गेलं की त्याची चरबी होते. तेल-तूप कमी, डाळी-उसळी जास्त, ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कच्चं, रोज चालणं. भिकन हसला. बसून राहणाऱ्या बैलाला ढेप कमी घालायची, हे तो शेतकऱ्यांना वीस वर्षं सांगत आला होता. त्याला शास्त्र अर्ध्या तासात कळलं. ते खानदेशात राहून पाळायचं कसं, एवढंच बाईंनी सांगितलं नाही. बाई बहुतेक नागपूरकडच्या असाव्यात.

पहिला महिना झकास गेला. एक ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ताटभर काकडी-टोमॅटो, सकाळी किल्ल्यापर्यंत चालत जाऊन परत. तीन किलो उतरले. मग बातमी भावबंदांत फुटली, आणि घात झाला.

बहिणीला किडनी देणारा भाऊ! सगळ्यांचा ऊर भरून आला. आमच्याकडे ऊर भरून आला की माणूस समोरच्याचं पोट भरतो, दुसरी पद्धत आम्हाला माहीत नाही. लग्नाआधी नवरदेवाला करतात तसं भिकनचं केळवण सुरू झालं. आज चुलत्याकडे भरीत-पुरी, उद्या मावशीकडे मांडे, परवा साडूकडे शेवभाजी. भिकन हात जोडायचा, "दादा, डॉक्टरनी सांगितलं आहे." उत्तर ठरलेलं होतं.

"डॉक्टरले काय समजस? शरीरमातला एक भाग काढी देवाना शे, अंगमा ताकद नको का?"

मी शेजारी म्हणून सोबत जायचो. खोटं कशाला बोलू, जेवण फर्मास असायचं. भरिताला कुणी तेलकट म्हटलेलं चालत नसे. वांगं ही भाजी, भाजी डाएटमध्ये बसते, मग वरचा बोटभर तवंग वांग्याचाच समजायचा. नाही म्हणावं तर यजमानीण रुसून बसे, आणि बायांचं रुसणं भिकनला सहन होत नाही. उतरलेले तीन किलो परत आले आणि येताना दोन सोबतीला घेऊन आले.

शेवटी त्याने देवाचा आधार घेतला. पद्मालयाच्या गणपतीला जाऊन आला आणि जाहीर केलं, अक्काचं ऑपरेशन होईपर्यंत उपास. डॉक्टरांना धूप न घालणाऱ्या गावाने देवाला ताबडतोब मान दिला. दुसऱ्या दिवसापासून घराघरातून शेंगदाणे आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, राजगिऱ्याचे लाडू येऊ लागले. उपास इतका कडक झाला की शर्टाचं बटण तुटलं.

डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "या महिन्यात वजन हललं नाही तर दुसरा दाता बघा." दुसरा दाता नव्हता.

त्याच आठवड्यात धरणगावला रतिलालनानांकडे बोलावणं होतं. नाना म्हणजे भिकनचे थोरले चुलतभाऊ, आग्रहात अख्ख्या तालुक्याला भारी. त्यांनी अक्कालाही गाडी पाठवून आणवलं. पाटावर भिकन बसला, शेजारी खुर्चीवर अक्का. तिचे पाय सुजलेले, हाताला डायलिसिसच्या सुयांचे डाग. तिला मोजून पाणी; डाळ नाही, पापड नाही. आणि केळीच्या बागेत वाढलेल्या त्या बाईला केळं तर विषासारखं वर्ज्य. भिकनच्या ताटात वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, वाटीभर केळ्यांचं शिकरण. उपास कालच सुटला, असं नानांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"नाना, नको हो," भिकन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला, माझ्यासकट.

"एक बट्टीनी काय व्हस रे?" म्हणत नानांनी दुसरी बट्टी तुपात बुडवली.

अक्काने वाकून भिकनपुढचं ताट उचललं, स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि शिकरणाची वाटी तोंडाला लावायला निघाली. नानांची बायको कुंदाबाई किंचाळली, "अक्का! तुले चालत नही ना वं!"

"नही चालत," अक्का शांतपणे म्हणाली. "पन ह्यानी खादं तरी मी मरसू, मी खादं तरी मी मरसू. मंग मीच खास ना. निदान तोंडले चव तरी लागी."

नानांच्या हातातून तूप गळत राहिलं. मग कुंदाबाईने पुढे होऊन अक्काच्या हातातली वाटी काढून घेतली, ताट उचललं आणि विचारलं, "मंग काय दिऊ याले?"

"काकडी दे," अक्का म्हणाली. "मीठ नको लाऊ."

भिकनने काकडी खाल्ली. त्या घरातून पाहुणा अर्धपोटी उठण्याची ती पहिलीच वेळ. आम्ही निघालो तेव्हा नाना ओट्यावर बसून एकेका नातेवाइकाला फोन लावत होते. आवाज फाटला होता, पण हुकमत तीच होती. "भिकनले कोनी जेवाले बलाऊ नका. कितला बी जीव तुटो, बलाऊ नका. आपली पुष्पी आपले पाहिजे."