बादलच्या गळ्यातली कॉलर

माझं शेवटचं पोस्टिंग फौजेच्या घोड्यांच्या तळावर, रिमाउंट डेपोत, गाडीच्या घोड्यांवर. रँक दफादार. आता देवळीत असतो. परवा वर्ध्यात एका वरातीच्या बग्गीचा घोडा पाहिला आणि डोकं फिरलं. गळ्यात जरीची कॉलर, करकचून आवळलेली. मालक म्हणे, "काका, व्हिडिओत टाइटच मस्त दिसते." असा एक दीडशहाणा मी फौजेतही पाहिलाय. फरक एवढाच, की त्याच्या खांद्यावर स्टार होते.

कॉलर म्हणजे गवत भरलेली चामड्याची जाड कडी. ती उलटी धरून डोक्यातून घालायची, कारण कॉलर खालून रुंद असते आणि डोकं डोळ्यांपाशी रुंद. मग मानेवर फिरवून सुलट करायची आणि गाडीचे पट्टे अडकवलेल्या लोखंडी पट्ट्या तिच्यावर बसवून गळ्याखाली बकलाने आवळायच्या. खाली श्वासनळीपाशी आपला पंजा आत गेला पाहिजे, तोही घोड्याला दोन पावलं ओढायला लावून. जोर लावला की कॉलर मागे दबते. नुसत्या उभ्या घोड्याला काय, कोणतीही शोभते.

माझा वरचा साहेब, आमचा रिसालदार, त्याला हे सगळं येत होतं. अडाणी असता तर मी माफ केलं असतं. पण जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन होतं आणि ह्या माणसाला मिरवायचं होतं. गाडीचा घोडा बादल सुटीत चरून मानेला भरून आला होता. त्याच्या मापाची कॉलर जुनी, काळवंडलेली. रिसालदाराने नवी चकचकीत काढायला लावली, एक नंबर लहान.

बादलचा राइडर, म्हणजे त्याची गाडी हाकणारा, मिलिंद, आपल्या तळेगावचा. त्याने हात घालून पाहिला.

"दफादार, पंजा जात नाई. चढावर याचा दम कोंडन."

मी रिपोर्ट दिला. "साहब, फिट नहीं है."

"फिट मैं देखूँगा. तुम पॉलिश देखो."

वा रे रिसालदार!

सकाळी नऊला परेड झाली. जनरल खूश. म्हणाले, आता लोड घालून चढावर दाखवा. मी कॉलर बदलायला वेळ मागितला, रिसालदाराने डोळे वटारले. गाडीत चारा भरला.

अर्ध्या चढावर बादलच्या घशातून घरघर आली. पुढचे गुडघे टेकले. मी चाकाला दगड लावायला मागून धावलो. मिलिंद सीटवरून उडी मारून बाजूला होऊ शकत होता. तो बादलच्या गळ्याकडे गेला आणि बकल ओढू लागला.

"मिलिंद, हट तिथून!"

"दम गेला त्याचा, दफादार! थांबा!"

बकल सुटलं. बादल मोकळा झाला, तशी माझा दगड लागायच्या आत गाडीही मागे सुटली. गाडीची दांडी गर्रकन फिरली आणि मिलिंदच्या छातीत बसली.

मी वायरलेस सेटवर ओरडलो, "कंट्रोल, राइडर डाउन. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

पलीकडे रिसालदार, गाडी चढाला लागताच खाली कंट्रोलवर जाऊन बसलेला. "जनरल साहब ने देखा क्या? ओव्हर."

थू! आजही तो आवाज आठवला की तोंड कडू होतं. तो मजेत पेन्शन खातोय.

परवा बग्गीवाल्याला मी म्हणालो, "हात घाल कॉलरखाली."

"काका, वरात उभी हाय ना."

"राहू दे उभी. घाल."

बोटंसुद्धा गेली नाहीत. वऱ्हाडी बोंबलत होते, नवरदेव वरून बघत होता. मी बकल सैल केलं. घोड्याने मान हलवून लांब श्वास घेतला.

बादलनेही त्या दिवशी असाच श्वास घेतला होता. मिलिंद तेव्हा शुद्धीवर होता. त्याने विचारलं, "घेतला का त्यानं दम?" मी हो म्हणालो. मग त्याने डोळे मिटले.