साक्षीला सुनेत्रामावशी

"नाही म्हणजे नाही! सरकारशी मी खोटं बोलायची नाही."

"पण ते खोटं नाहीच आहे ना, मावशी!"

"मग पाडव्याला मंडळाच्या स्टेजवर माझ्या हातून बक्षीस घेतलंत, ते काय होतं?"

"ते... ते खोटं होतं."

"वा! म्हणजे तेव्हा मला फसवलंत, आणि आता तुझ्याच शब्दावर विश्वास ठेवून मी त्या साहेबाला सांगायचं?"

"साहेब कशाला, बाई असेल हो कुणीतरी. मॅडिसन, नाहीतर हरप्रीत."

"हरप्रीत असली तर मुळीच नाही. तिची मावसबहीण आमच्या लाफ्टर क्लबात असायची. धर नीट ते टोक!"

मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात, मावशींच्या मुलाच्या घरामागच्या अंगणात, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात, दोघींच्या मध्ये एक डबल बेडची चादर फडफडत होती. एक टोक सुनेत्रामावशींच्या हातात, दुसरं कादंबरीच्या. चादरीची घडी घालायची म्हणजे दर वेळी एकमेकींच्या जवळ यायला लागतं, आणि जवळ आलं की दोघींचा आवाज चढायचा. मावशींच्या ओठांत दोन चिमटे होते, तरीही त्यांचा एकेक शब्द खणखणीत ऐकू येत होता. त्यांनी आयुष्यभर शाळेत मुलांना कवायत शिकवली होती.

"मावशी, मी आणि सारंग वेगळे झालोय. एकाच घरात राहतो, पण वेगळे. हे फक्त खरं सांगायचंय."

"कुठे दिसत नाही ते."

"दिसू दिलं नाही म्हणून दिसत नाही!"

"मग आता माझ्याकडे काय मागतेस? न दिसलेल्या गोष्टीची साक्ष?"

इथे कादंबरी गप्प झाली. आणि कादंबरी गप्प होणं म्हणजे साधी गोष्ट नाही.

चिंचवडची ही मुलगी मेलबर्नला आली ती शिकायला. अकाउंटिंगची डिग्री घेतली, आणि एका चष्म्याच्या दुकानात फ्रंट डेस्कला लागली ती तिथेच रमली. गिऱ्हाइकाने फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात पाहिलं रे पाहिलं, की ही म्हणणार, "नो डार्लिंग, यात तुम्ही तुमच्या सासऱ्यांसारख्या दिसता." मालक कपाळाला हात लावायचा, पण लोक तिलाच शोधत यायचे. मंडळाच्या कार्यक्रमाला माईक तिच्याच हातात. नाटकाला प्रॉम्प्टिंग तीच करणार, आणि नट अडखळला की त्याचं वाक्यही तीच म्हणून टाकणार. सारंग तिला युनिव्हर्सिटीत भेटला. तो कमी बोलायचा. ही दोघांच्या वाटचं बोलायची. बरीच वर्षं हे झकास चाललं.

मोडलं ते काही भांडून नाही. फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या, नवा सोफा कोणता घ्यायचा यावर बोलणं चाललं होतं. ती म्हणाली, "तुला हवा तो घे." तो म्हणाला, "नाही, तुला हवा तो." असं बराच वेळ चाललं, आणि मग दोघांनाही एकदम कळलं, की सोफ्याचं कुणालाच काही पडलेलं नाही. घरी परत येताना फ्रीवेवर रेडिओसुद्धा लावला नाही कुणी. त्या आठवड्यात सारंग आपलं पांघरूण घेऊन पुढच्या खोलीत गेला. दुसरं घर भाड्याने घ्यावं, तर भाडी ऐकूनच घसा कोरडा पडायचा. सात वर्षांची लेक चिन्मयी मधे. म्हणून ठरलं: एकाच छपराखाली राहायचं, आणि सध्या कुणाला सांगायचं नाही.

'सध्या' हा शब्द सारंगचा. तो 'वेगळे' म्हणायचाच नाही. "सध्या आपण जरा असे राहतोय," एवढंच.

घोटाळा झाला पाडव्याला. मंडळाच्या 'जोडी ओळखा' स्पर्धेत ऐन वेळी एक जोडी गळाली. सेक्रेटरी पद्माकरकाका माईक खेचून ओरडले, "अहो, आपली कादंबरी आहे की! सारंगराव, या वर!" भरलेल्या हॉलसमोर काय सांगणार? गेले दोघं वर. पाठीला पाठ लावून बसले, आणि पाटीवर उत्तरं लिहू लागले. नवऱ्याच्या बुटाचा नंबर? बायको कशाला घाबरते? तो आजारी पडला की काय मागतो? तिला राग आला की ती आधी काय आवरायला घेते? एकही उत्तर चुकलं नाही. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. परीक्षक सुनेत्रामावशींनी डोळे टिपत बक्षीस दिलं: राइस कुकर. घरी आल्यावर सारंगने तो खोक्यातून काढला आणि म्हणाला, "बरं झालं. हा मी घेतो, जुना तुला." त्या दोघांना वेगळं राहायला जी एक वस्तू कमी पडत होती, ती मंडळाने टाळ्यांच्या गजरात दिली.

आता घोडं अडलं होतं ते चिन्मयीच्या नावाने सरकारकडून मिळणाऱ्या पैशांवर. दोघांचा पगार एकत्र धरला, की कादंबरीच्या हाताला काही लागत नव्हतं. वेगळे झालो म्हटलं, की तिचा एकटीचा पगार धरणार होते, आणि तिचा एकटीचा पगार म्हणजे आठवड्यातल्या तीन दिवसांचा. ते पैसे आले असते, तर दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं दार असलेलं घर तिला परवडलं असतं. सरकारी ऑफिसातली फोनवरची बाई अगदी गोड होती. म्हणाली, "नो वरीज, डार्ल. एकाच घरात राहता ना, मग तुम्हाला दोघांना ओळखणारं कुणीतरी साक्षीला लागेल. शक्यतो नात्यातलं नको. आम्ही त्यांना विचारू."

नो वरीज! कादंबरी आधी मैत्रीण सरिताकडे गेली. सरिता ऐकून टाळी मागायला लागली, "तुम्ही? अगं, तुमचा स्टेजवरचा फोटो माझ्या नवऱ्याला दाखवून मी रोज टोमणे मारते!" तिचा नवरा रवींद्र आतून डोळा मारत आला, "सही आयडिया आहे हां. वेगळे दाखवायचं. आम्हालाही शिकव की." कादंबरीच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायला गेलं, तर लोक लबाडीचे क्लास लावायला निघाले. म्हणून उरल्या मावशी. शेजारच्या घरात मुला-सुनेकडे राहणाऱ्या, आणि खोटं म्हटलं की अंगावर येणाऱ्या.

चादरीची शेवटची घडी झाली. मावशींनी ती पोटाशी धरली. "उद्या येते तुझ्याकडे. माझ्या डोळ्यांनी बघते. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या साडीवर मुलाचं फुगीर पफर जॅकेट चढवून, शाळा तपासायला आल्यासारख्या. कादंबरीने फ्रिजचं दार ताडकन उघडलं.

"हे बघा. वरचे कप्पे माझे, खालचे त्याचे."

"मग? आमच्या सूनबाईचं, दीप्तीचं बदामाचं दूध वेगळं, कुशलच्या त्या प्रोटीनच्या बरण्या वेगळ्या. हात लावला तर युद्ध. पुढे चल."

"तो त्या खोलीत झोपतो."

"घोरत असेल."

"मावशी!"

"आमचे हे बारा वर्षं बाहेरच्या खोलीत झोपले. आम्हाला कुणी सोडचिठ्ठी दिली नाही. पुढे."

"कपडे तो स्वतःचे स्वतः धुतो."

"असं? मग आणखी एक कुकर देते त्याला."

कादंबरी रडकुंडीला आली. "आम्ही एकत्र जेवत नाही. बाहेर एकत्र जात नाही. बोललो तर फक्त चिन्मयीबद्दल बोलतो."

"आम्ही तेवढंही बोलत नव्हतो. मुलाशी मी बोलायचे, आणि ह्यांना ते भिंतीतून ऐकू जायचं."

"मावशी, तुमचं लग्न झालं होतं ना हो नक्की?"

शब्द तोंडातून सुटला, आणि कादंबरीने जीभ चावली. मावशी बघतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. जॅकेट खसखसायला लागलं. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि कादंबरीला पाणी आणायला धावावं लागलं.

"झालं होतं गं बाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "फक्त विचारायला कुठलं ऑफिस नव्हतं आमच्या वेळी."

"म्हणजे तुम्ही सांगाल त्यांना?"

"असं कुठे म्हटलं मी? तू मला जे दाखवतेस ना, ते मला प्रत्येक घरात दिसतं. यातलं वेगळं काय, ते सांग. वेगळं झाल्याचं वेगळं काय?"

कादंबरीने घरभर नजर फिरवली. लोकांना एका नजरेत सांगणारी ती, की ही फ्रेम तुम्हाला नाही शोभत. आणि स्वतःच्या घरात उभी राहून तिला बोट ठेवायला जागा सापडेना.

तेवढ्यात गॅरेजकडून सारंग आत आला. आज त्याचं ऑफिस लवकर सुटलं होतं. त्याने दाराशी बूट काढले, मावशींना वाकून नमस्कार केला, आणि मग कादंबरीकडे वळला.

"सॉरी, मी किचन वापरू का? दहा मिनिटं फक्त. ऑम्लेट करतो."

"हो हो, वापर ना. थांब, मी ओटा मोकळा करून देते."

"नको नको, मी करतो. थँक यू."

"माझी कढई सुकत ठेवलीय, चालेल ना?"

"चालेल की. काही प्रॉब्लेम नाही."

तो आत गेला. मावशींनी कादंबरीचं मनगट घट्ट धरलं आणि तिला सोफ्यावर खाली खेचलं.

"हा असा का बोलतोय?"

"कसा?"

"हॉटेलात उतरल्यासारखा."

"आम्ही असंच बोलतो, मावशी."

"तुझी कढई मधे आली, तरी आदळआपट नाही केली त्याने?"

"नाही."

"मीठ कुठे ठेवलंस म्हणून खेकसत नाही?"

"त्याचं मीठ त्याच्याकडे असतं."

"आणि तू? तू बोलत नाहीस त्याला काही? ऑम्लेट जाळू नको, खिडकी उघड, काहीतरी?"

"नाही हो. कशाला बोलायचं?"

मावशींनी तिचं मनगट सोडलं. आतून अंडं फेटल्याचा आवाज येत होता, अगदी हलक्या हाताने, कुणाची झोप मोडू नये असा. मावशींनी तिकडे कान दिला.

"आमचे हे शेवटच्या आजारपणातसुद्धा माझ्यावर ओरडले होते," त्या म्हणाल्या. "औषधाचं झाकण नीट लावलं नाही म्हणून. मीही सोडलं नाही, पलंगाशी उभी राहून दोन सुनावल्या. नर्स मधे पडली." त्यांनी नाक शिंकरलं. "घाल माझा नंबर."

"काय?"

"फोन काढ आणि घाल. विचारू दे त्यांना. सांगते मी, वेगळे आहेत म्हणून. अगदी शपथेवर सांगते."

कादंबरी जिंकली होती. दोन आठवडे दारोदार फिरून तिने हेच मागितलं होतं. तिने फोन काढला. मावशी एकेक आकडा कवायतीसारखा मोजून सांगत होत्या, आणि कादंबरीचा अंगठा मात्र भलत्याच आकड्यांवर पडत होता. दोनदा खोडून तिसऱ्यांदा नंबर नीट बसला. ऑफिसची कुणी अनोळखी बाई विचारणार होती, ते ठीक होतं. पण ओळखीच्या माणसाने बघून 'हो' म्हणणं हे काहीतरी निराळंच होतं.

मावशी काही अर्धं काम करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आतल्या दिशेने हाक मारली, "सारंग! इकडे ये रे जरा."

तो उलथनं हातात घेऊनच दारात आला.

"मला ऑफिसातून फोन येणार आहे. हिने माझं नाव दिलंय. मी सांगणार, की तुम्ही दोघं वेगळे झालात. तुला ठाऊक आहे ना?"

"कादंबरीने सांगितलंय मला. माझी काही हरकत नाही, मावशी."

"हरकत नाही विचारली मी. मी तुझ्या आईच्या वयाची आहे, उगीच कुणाच्या संसाराबद्दल बोलून पाप नको माझ्या डोक्यावर. एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. वेगळे झालात ना तुम्ही?"

इतक्या महिन्यांत हे कादंबरीनेही त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. फोनवरच्या बाईसमोर, सरितासमोर, रात्री उशीला टेकून स्वतःसमोर, ते वाक्य दर वेळी तीच म्हणत आली होती. आताही ते तिच्या ओठांवर आलं, त्याच्या वतीने म्हणायला. या वेळी तिने ते गिळलं आणि थांबली.

सारंगने उलथन्याकडे पाहिलं. आत गेला. गॅस बंद केला. ऑम्लेट ताटलीत काढलं, वर दुसरी ताटली झाकली. ओटा पुसला, जिथे काही सांडलं नव्हतं तिथेही पुसला. फडकं पिळून नळावर वाळत घातलं. मग बाहेर आला, आणि त्याने कादंबरीकडे पाहिलं. वाट मागायला किंवा सॉरी म्हणायला पाहतात तसं नाही, तर नीट, जुन्यासारखं.

"सारंग?" मावशी म्हणाल्या.

'हो' नाही, की त्याचं ते 'सध्या' नाही; त्याने हुकावरची गाडीची किल्ली काढली, बूट दाराशी तसेच राहू दिले, आणि मोज्यांवरच गॅरेजमध्ये निघून गेला.